जिथं पोर पडतं तिथं पाणी

पोर पडलं आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी एकदम हात जोडले. उचलायला कुणी धावलं नाही. उचलायचं नाही, असा नियम होता.

काळ्या घोंगडीत गुंडाळलेलं आठेक वर्षांचं ते पोर नांगरलेल्या कोरड्या रानात ओणवं झालं होतं. त्यानं दोन्ही तळहात ढेकळांवर रोवले, कंबर वर उचलली, पाय ताणले. मग एक हात नडगीवर आला. बांधावरून आवाज उठला, "एक परस!" दुसरा हात गुडघ्यावर आला. "दोन परस!" पुढचा मांडीवर, त्याच्या पुढचा आणखी वर. माणूस शिडी चढतो तसं ते पोर स्वतःच्याच पायांवर हात देत चढत होतं. शेवटी छाती पुढं काढून ते उभं राहिलं, तेव्हा मोजणी सहावर थांबली होती. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली म्हणजे एक परस. आमच्याकडं विहिरी परसातच मोजतात. सहा परसांवर पाणी, असा त्या उठण्याचा अर्थ होता.

अर्थ सांगणारे गृहस्थ पोराच्या शेजारीच उभे होते. रामलिंग महाराज. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही.

"बघा मायबाप, भुईनं लेकराला वढलं. का वढलं? खाली गंगामाय हाय. टाच बघा टाच, टेकली का भुईला? न्हाय टेकली. देवाची टाच भुईला टेकत न्हाय, हे कीर्तनात ऐकलंय का न्हाय तुमी? पानी खाली झोपलेलं असतंय. टाच वाजली की ते घाबरून आनखी खाली जातंय. म्हनून लेकरू चवड्यावर चालतंय. झोपल्याला जागं करायचं नसतंय, मायबाप."

"आन् सुरुंग लावल्यावर ते जागं होत न्हाय व्हय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"सुरुंगाचा नारळ येगळा फोडावा लागतो, आज्या," महाराज म्हणाले. हसू आलं ते लोकांनी गिळलं. दुष्काळात माणसं जपून हसतात.

हे १९७३ सालच्या माघातलं. मी तेव्हा उस्मानाबादहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. मुरुमच्या बाजूला एका वाडीत देवाचं पोर पाणी दाखवतं, त्याचा अर्धा रकाना पाठवा, असा निरोप आला म्हणून गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढं कळेल.

आधी महाराजांविषयी. वर्षभरापूर्वीपर्यंत ते महाराज नव्हते, पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, नारळ उभा राहिला की तिथं पाणी, असा त्यांचा धंदा. बाहत्तर साली पाऊस आला नाही आणि नारळ मात्र जागोजाग उभा राहू लागला. लोकांनी खणलं, पाणी लागलं नाही. एका गावानं तर त्यांना त्यांनीच दाखवलेल्या कोरड्या विहिरीत दिवसभर उतरवून ठेवलं. "खाली बसून बगा, लागतंय का," असं वरून विचारत होते म्हणे. तिथून सुटले ते या वाडीच्या मारुतीच्या देवळात येऊन राहिले.

वाडीत धनगरांची काही घरं होती, त्यातलं एक या पोराचं. बाप चार मेंढरं-कोकरं मागं ठेवून कळप घेऊन भीमेकाठाला चाऱ्यावर गेलेला. घरात म्हातारी सिताबाई, तिची सून अयोध्या, सुनेचा मोठा मुलगा व्यंकट आणि अजून रांगणारा धाकटा. व्यंकट चवड्यावर चालायचा. चालताना त्याची कंबर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकायची, पोट पुढं यायचं. मधेच गुडघा दुमडून पडायचा. पोरं त्याला बदक म्हणायची. एक दिवस चुकलेलं कोकरू आणायला गेला आणि ओढ्याच्या वळणावर, सोसायटीचे चेअरमन शरणबसप्पा यांच्या रानात, पडला. महाराजांनी ते पाहिलं. त्याला स्वतःच्या पायांवर हात देत उठताना पाहिलं. आणि ज्याचा नारळ फसला होता त्याला नवा नारळ सापडला.

शरणबसप्पांनी तिथं खणलं आणि पाणी लागलं. मी ती जागा जाऊन पाहिली. दोन ओढे तिथं मिळतात. सगळा शिवार करपलेला असताना तिथं शिंदीची झाडं हिरवी होती आणि शेजारी माणसाएवढं वारूळ, दोन्ही खाली ओल असल्याच्या जुन्या खुणा. तिथं पाणी लागलं नसतं तरच बातमी झाली असती. पण वाडीला ते दिसलं नाही, पडलेलं पोर दिसलं.

मग आसपासच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या. व्यंकटला गाडीत घालून न्यायचं, रानात उतरवायचं, घोंगडी पांघरायची आणि महाराजांनी शेजारी चालत त्याला रानभर फिरवायचं. पडेल तिथं खणायचं. काही ठिकाणी ओल लागली. बहुतेक ठिकाणी काळा खडक लागला. खडक लागला की कारण तयार असे. नारळ नासका निघाला, विटाळशी बाई बांधावरून गेली, मालकाच्या मनात शंका होती. शंका नसलेला मालक त्या वर्षी जिल्ह्यात सापडणं अवघड होतं, त्यामुळं हे शेवटचं कारण कधी कमी पडलं नाही.

पोराच्या बदल्यात घराला दूध येई, ज्वारी येई. बाकीची वाडी सरकारी सुकडी खात होती. सिताबाईला नातवात देव दिसला, यात मला नवल वाटलं नाही.

आईला काय दिसतं हे विचारायला मी रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो. अयोध्या खडी फोडत होती. तिनं हातोडा न थांबवता माझी ओळख विचारली, मग बोलू लागली. गेल्या साली व्यंकट मेंढरामागं ओढ्यापर्यंत जायचा. पडायचा, पण जायचा. आता त्याला शाळेची पायरी चढवत नाही. महाराज रोज कुठल्यातरी रानात हिंडवतात, आणि घरी आणून सोडलं की तो पाय धरून रडतो.

"म्या सासूला म्हनलं, लेकरू दमतंय. ती म्हनली, देव दमत न्हाय." तिनं एक दगड फोडला. "देव दमत नसंल. माजं लेकरू दमतंय."

मी तिला विचारलं, मग दाखवलं का नाही कुणाला? महाराजांनी सांगितलं होतं, देवाच्या पायाला कुणी हात लावायचा नाही, सुई टोचली तर देव निघून जाईल आणि पोर मरेल. ती गप्प राहिली होती. पण तिच्या गप्प राहण्यामागं आणखी एक गोष्ट होती, ती तिनं खाली बघत सांगितली.

"माजा धाकला भाऊ बी असाच चालायचा, सायब. त्याला कुनी देव म्हनलं न्हाय. आदी चालायचा, मग बसला, मग आडवा झाला. मिसरूड फुटायच्या टायमाला गेला."

"मग तुम्हाला काय पाहिजे?"

"काय पायजे? जेवडं चालनं त्याच्या पायात ऱ्हायलंय, तेवडं त्याला त्याच्या मनानं चालू द्या. दुसऱ्याच्या रानात न्हाय. मेंढरामागं. एवडंच."

तिथून मी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर सोनकांबळे तिशीचे होते, बेंबळी गावचे. वडील शेतमजूर. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा हे शाळेत होते. पटकीची लस टोचत ते दुष्काळी कामांवर फिरत असत. मी सगळं वर्णन केलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पोराच्या पोटऱ्या कशा आहेत, आणि आईच्या माहेरी कुणाला असं होतं का?

पोटऱ्या मी पाहिल्या नव्हत्या. घोंगडी घोट्यापर्यंत असे. माहेरचं सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीत गेलो. सिताबाई टँकरच्या रांगेत होती, महाराज देवळात झोपलेले. अयोध्येनं दार लोटून घेतलं. डॉक्टरांनी व्यंकटला घोंगडी काढायला सांगितलं आणि मी पहिल्यांदा ते पाय पाहिले. मांड्या काठीसारख्या, आणि त्याखाली तालमीतल्या पैलवानाला शोभतील अशा भरलेल्या पोटऱ्या.

"दाब बरं पायानं माझा हात," डॉक्टर म्हणाले. पोरानं दाबला. डॉक्टरांचा तळहात जागचा हलला नाही.

त्यांनी त्याला मांडी घालून बसवलं आणि उठायला सांगितलं. पोर पालथं झालं, हात टेकले, कंबर वर केली आणि नडगी, गुडघा, मांडी असं स्वतःवर चढत उठलं. उठल्यावर सवयीनं त्यानं दाराकडं बघितलं. कुणी परस मोजला नाही याचं त्याला नवल वाटलं असावं.

कमरेला करदोडा होता. आमच्याकडं पोराच्या कमरेला काळा दोरा असतोच, त्याशिवाय पोर उघडं समजतात. हा मात्र बोटाएवढ्या जाड सुती दोरीचा होता. डाव्या बाजूला, फक्त डाव्या बाजूला, त्याखालची कातडी सोलून लाल झाली होती.

"हा कुणी बांधला?"

"म्हाराजांनी," अयोध्या म्हणाली. "देवाचा म्हनून."

महाराज कायम पोराच्या डाव्या अंगानं चालत. त्यांचा उजवा हात घोंगडीखाली असे. आशीर्वादाचा हात, असं लोक समजत.

डॉक्टरांनी व्यंकटला अंगणात कोकराकडं पाठवलं आणि खाली बसले. ते हळू आणि सरळ बोलले. हा स्नायूंचा आजार आहे. स्नायूचं मांस हळूहळू नासतं आणि त्या जागी चरबी आणि चिवट धागे भरतात. पोटरी फुगलेली दिसते ती त्यामुळं, तिच्यात ताकद नसते. कमरेचे स्नायू आधी जातात, म्हणून पोर झुलत चालतं. मांडीचे जातात, म्हणून गुडघा सुटतो आणि पोर पडतं. बसल्यावर उठायची ताकद नसते, म्हणून हातानं स्वतःला ढकलत उभं राहावं लागतं.

"आन् टाच?"

"पोटरीची शीर आखडते. आणि दुसरं म्हणजे चवड्यावर राहिलं की वजन पुढं जातं आणि गुडघा दुमडत नाही. पडू नये म्हणून त्याच्या अंगानंच शोधलेली ती युक्ती आहे."

त्या सगळ्या प्रकारात खरी युक्ती तेवढीच होती, आणि ती पोराची होती.

"औषद हाय का, सायब?"

"नाही."

"सोलापूरला? मुंबईला?"

"कुठंच नाही, ताई. परदेशातसुद्धा नाही."

मग तिनं विचारलं की तो कधी बसेल. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात, फार तर दीड वर्षात. रोज असा रानोरान हिंडवला तर त्याहून लवकर. दमलेला स्नायू या आजारात भरून येत नाही.

"हे माज्याकडनं आलं न्हवं?" ती म्हणाली. "भावाचं आन् ह्याचं."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "तुमच्या वाटेनं आलं. तुम्ही दिलं नाही. बाईच्या रक्तातून हे मुलांकडं जातं आणि तिला स्वतःला काही होत नाही, त्यामुळं तिला माहीतही नसतं. कुणाच्या पापानं नाही, कुणाच्या चुकीनं नाही. पण हे वाडीत कुणापुढं बोलू नका. मीही बोलणार नाही."

तिनं झोळीकडं बघितलं. धाकटा झोपला होता. डॉक्टरांनीही बघितलं.

"त्याचं?"

"आत्ता सांगता येत नाही. होईल किंवा होणार नाही."

त्या दुपारी मोठा कार्यक्रम होता. सोसायटीनं सामुदायिक विहीर घ्यायचं ठरवलं होतं आणि जागा व्यंकट दाखवणार होता. चार गावांची माणसं माळावर जमली. हा माळ शरणबसप्पांच्या उसाच्या रानाला लागून, उंचावर. तिथून पाट काढला तर पाणी आपोआप त्यांच्या फडात उतरलं असतं. सिमेंटचे पाइप आधीच येऊन पडले होते. देवाला जागा सापडण्याआधी पाइपांना सापडली होती.

महाराज पोराला घेऊन निघाले. घोंगडी, डावी बाजू, आत हात. माळ तुडवत ते उभे-आडवे फिरले. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. पाइपांपासून थोड्या अंतरावर महाराज थबकले, आणि पोर पडलं. हात जोडले गेले. मोजणी सुरू झाली. या खेपेला पोर तिसऱ्या परसावरून दोनदा घसरलं आणि लोकांनी दोन्ही वेळा मोजणी पहिल्यापासून धरली.

ते उभं राहिलं तेव्हा डॉक्टर पुढं गेले. पोराला एकदा मी याच जागेवरून चालवून नेतो, म्हणाले.

"देवाच्या अंगाला परका हात लागायचा न्हाय," महाराज म्हणाले.

"आन् हा हात तर..." मागून कुणीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. डॉक्टरांचं आडनाव सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांचा आवाज बदलला नाही. "माझा नको. आईचा हात तर परका नाही ना?"

महाराज उत्तर देण्याआधीच अयोध्या बायकांतून निघून आली होती. सिताबाईनं "अयोध्ये, माघारी फिर," असं म्हटलेलं मी ऐकलं. तिनं ऐकलं नाही. तिनं घोंगडी काढून जमिनीवर टाकली. करदोड्याची गाठ सोडली आणि तो घोंगडीवर टाकला. लोकांनी पोराचे उघडे पाय बघितले, कमरेची लाल रेघ बघितली. मग तिनं व्यंकटच्या काखेत हात घातला आणि ती त्याला घेऊन चालू लागली. तो जिथं पडला होता त्या जागेवरून गेली, फिरली, पुन्हा त्याच जागेवरून आली. पोर डुलत होतं, चवड्यावर होतं, पण पडलं नाही. ती सोडत नव्हती म्हणून पडत नव्हतं.

डॉक्टर उकिडवे बसले. आजवर त्या पोराला कुणी काही विचारलं नव्हतं.

"व्यंकट, खाली पाणी ऐकू येतं का रे?"

"न्हाय."

"मग इथंच कसा पडलास?"

पोरानं महाराजांकडं बघितलं, मग आईकडं. "म्हाराज करदोडा धरत्यात. मग सोडत्यात."

त्या दिवशी सुरुंगाचं विचारणारा म्हातारा म्हणाला, "म्हंजी पानी म्हाराजाच्या मुठीत व्हतं म्हना." या वेळी काही जण मोकळेपणानं हसले. मला वाटलं, झालं. बातमीचा शेवट मी मनात लिहूनही टाकला.

पण महाराज त्या धंद्यात उगीच टिकले नव्हते.

"मायबाप," ते म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ केला. "मायनं धरल्यावर भुई कशी वढंल? मायचा हक्क मोठा. गंगामाय बी माय हाय, तिला कळतंय. आन् लेकराला काय, सकाळधरनं सुईवाला घरात बसून शिकवतोय." लोकांच्या माना हलू लागल्या. मग ते डॉक्टरांकडं वळले. "बरं, डाक्टर, तुमी शिकल्याली मानसं. देव न्हाय तर न्हाय. मग ह्याचे पाय असे का झाले ते सांगा की."

डॉक्टरांनी सांगितलं. पोटरीत ताकद का नाही, कंबर का झुलते, पोर का पडतं, हात देत का उठतं, सगळं. कुणालाही कळेल असं, न रागावता. लोक ऐकत होते. शरणबसप्पासुद्धा.

"व्हय व्हय," महाराज म्हणाले. "पन आलं कुठनं हे? वाडीत कुनाला न्हाय, ह्याच्या बापाला न्हाय, आज्याला न्हाय. ह्यालाच कुठनं आलं? बोला."

अयोध्या पोराला धरून तिथंच उभी होती. तिच्यासमोर सिताबाई, सिताबाईच्या मागं दीर, जावा, सगळी भावकी. डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. ते उत्तर माळावर उच्चारलं असतं तर महाराजांचा पराभव झाला असता, आणि त्या संध्याकाळी अयोध्या घराबाहेर असती. कदाचित दोन्ही पोरांसकट.

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना खोटं बोलताना एकदाच ऐकलं, ते तेव्हा.

"ठाव न्हाय," महाराज लोकांकडं वळून म्हणाले. त्यांना ओरडावंही लागलं नाही. "सुईवाल्याला ठाव न्हाय, मायबाप." मग जे हसले ते मघापेक्षा पुष्कळ जास्त होते. शरणबसप्पांनी पाइपांकडं एकदा बघितलं आणि नारळ पुढं केला. विहीर तिथंच ठरली.

सहा परसांपर्यंत मुरूम लागला, त्याखाली काळा खडक. सुरुंगावर सुरुंग लावले. आठव्या परसाला सोसायटीनं काम थांबवलं. महाराज त्याआधीच, आईचा हात लागला आणि डॉक्टरच्या पावलानं माळ बाटला म्हणून देव रुसला असं सांगून, राज्याच्या सीमेपलीकडं निघून गेले होते. जाताना घोंगडी घेऊन गेले. पुढं कळलं, तिकडं त्यांच्याकडं एक अधू बैल आहे आणि तो बसतो तिथं पाणी असतं.

अयोध्येला हवं होतं ते मिळालं. रानोरान हिंडणं बंद झालं. पण दूधही बंद झालं, ज्वारीही. ज्या पोराच्या पाया पडत होते ते आता अपशकुनी ठरलं, सकाळी दारात बसलं तर लोक वाट बदलत. देव घालवलास, हे सिताबाई सुनेला रोज ऐकवी. व्यंकट मात्र काही महिने मेंढवाड्यापर्यंत जात होता. चवड्यावर, झुलत, पडत, उठत, त्याच्या मनानं. बाप परत आला तेव्हा कळपाला सामोरं जायला तो ओढ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत गेला होता, असं तिनं मला सांगितलं. तेवढंच तिनं दोनदा सांगितलं.

मृगात पाऊस आला. सगळीकडं आला, तसा माळावरही आला. कोरड्या विहिरीच्या खड्ड्यात पाणी साचलं आणि वाडी म्हणाली, बघा, देवानं दाखवलेली जागा खोटी नव्हती. ते पाणी दसऱ्याला आटलं. समज आटली नाही.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा व्यंकट बसला होता. भिंतीला टेकून, पाय पुढं करून. त्या पोटऱ्या अजून तशाच भरलेल्या दिसत होत्या. मी माझ्या बातमीचं कात्रण नेलं होतं, ते खिशातच ठेवलं. अंगणात धाकटा खेळत होता. तो आता चालू लागला होता. बाकी आया पोरानं टाकलेलं पाऊल बघतात. अयोध्या तो पडायची वाट बघत होती, कारण तिला तो उठताना बघायचा होता. तो पडला. हात टेकून उठला. एवढी लहान सगळीच पोरं हात टेकून उठतात, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तरी ती बघत होती.

हे सगळं आता लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की माळावर जे उत्तर दिलं गेलं नाही ते कुठंतरी छापलं जावं. हा आजार आईच्या वाटेनं येतो आणि त्यात आईचा काडीचा दोष नसतो. ज्या गावात हे वाक्य चारचौघांत बोलता येत नाही, त्या गावात पाणाड्याला युक्तीची फारशी गरज पडत नाही. अर्धं काम भावकीनं करून ठेवलेलं असतं.

डॉक्टरांकडं त्या पोरासाठी औषध नव्हतं. ते तसं म्हणाले. महाराजांकडं पाणी नव्हतं. ते तसं कधीच म्हणाले नाहीत. एवढा एक फरक ओळखायला शिकलो तरी पुष्कळ झालं. ज्याच्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोंडावर तयार असतं, त्याचा हात कुठं आहे ते आधी बघा. तुमच्या घरात, शेजारात एखादं पोर चवड्यावर चालत असेल, झुलत असेल, पुन्हापुन्हा पडत असेल, मांडीवर हात देऊन उठत असेल, तर त्याला डॉक्टरकडं न्या. डॉक्टर कदाचित सांगेल की करण्यासारखं काही नाही. ते ऐकून घ्या, आणि पोराला त्याची उरलेली पावलं त्याच्या मनानं टाकू द्या.

आणि ते तुमच्यासमोर पडलं, तर मोजू नका. उचला.